धर्माजीचं उलट टपाल

धर्माजी टपाली सूप घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, काही विकायला आला असेल. सुपात अळूचं पान होतं आणि पानावर एक ओली, काळपट, शेवाळ धरलेली चिंधी.

"वयनी, टपाल," तो म्हणाला.

"हे?"

"तुमचंच हाय. पत्ता चुकून नदीत गेलंतं."

मी वाकून पाहिलं. माझ्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. चार दिवसांपूर्वी मी त्याने पितळी घासून तो मोरीत सोडून दिला होता. काठाची नक्षी अजून दिसत होती, तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती. धर्माजीने कानामागची शिसपेन्सिल काढली, काखेतली वही उघडली आणि बोट ठेवून म्हणाला, "हितं सही."

मी सही केली. मला मुंबईहून यजमानांची पत्रं येत, माहेरची येत, कधी सुतकाचीही येत. पण स्वतःचाच केर सही करून घेण्याची ती पहिली वेळ.

धर्माजी पोस्टातून निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याआधी तीस-बत्तीस वर्षं तो बोर्ली पंचतनहून पिशवी आणून दोन गावांना टपाल वाटत असे. माडवली हे आमचं गाव. ते नदीच्या वरच्या अंगाला, माडापोफळींच्या वाड्यांचं. नदी खाडीला मिळते तिथे कोंडबंदर, कोळ्यांचं. एका गावातून दुसऱ्यात चालत जायला वीस मिनिटं लागतात. एकमेकांशी सरळ बोलायला तीन पिढ्या पुरल्या नव्हत्या. दोन्ही गावांत सारख्याच पावलांनी जाणारा माणूस एकच, तो म्हणजे धर्माजी.

तो कुणाकडे कधी बसत नसे. पोस्टमन बसला की टपाल शिळं होतं, असं त्याचं मत. चहा विचारला तर "ड्यूटीवर हाय." निवृत्त झाल्यावरही ड्यूटीवर. भर वैशाखात खाकी कोट, वरचं बटण लावलेलं. माणसं त्याच्या डोक्यात नावाने राहत नसत, पत्त्याने राहत. माझ्या नणंदेचं तान्हं बाळ दाखवलं, तर त्याच्याकडे बराच वेळ पाहून त्याने विचारलं, "ह्ये कायमचं का मुक्कामापुरतं?" जगात त्याच्या लेखी गुन्हे दोनच: दुसऱ्याचं पत्र फोडणं आणि आपलं आलेलं न घेणं. बाकी सगळं, अगदी चोरीसुद्धा, म्हणजे नुसता पत्ता चुकणं. "ज्याचं त्याला पोचलं म्हंजी झालं," हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान.

आता माझी चिंधी नदीत कशी गेली ते सांगायला हवं, आणि सांगताना माझीही थोडी बेअब्रू होणार आहे.

आमच्याकडे पूर्वी गटार नव्हतं. प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी मागच्या वाडीत जाई. तिथे अळू आणि केळी असत, त्या ते पिऊन टाकत. गोठा धुतलेलं पाणी माडांना. पावसाचं पाणी चरातून पोफळींना. याला कुणी व्यवस्था म्हणत नसे, कारण ती फुकट होती. मग पंचायत आली. सरपंच नानासाहेब. त्यांच्या घराण्याची खोती कायद्याने गेली होती, पण खुर्ची कायद्यानेच परत आली. त्याच कायद्यात पंचांमध्ये बाई हवी असं लिहिलेलं निघालं, म्हणून मी. सुधारणेसाठी सरकारी मदत मिळणार म्हटल्यावर सुधारणा म्हणजे काय, यावर आम्ही विचार करू लागलो. नानासाहेब नुकतेच अलिबागला जाऊन आले होते. तिथे त्यांनी गटार पाहिलं होतं.

ठराव झाला. गावाला सिमेंटचं गटार, सगळ्या मोऱ्या त्यात, रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्यात, आणि गटार थेट नदीत. मीही हात वर केला. मागच्या दारी अळवाचा चिखल तुडवायला नको, एवढाच माझा विचार होता. उद्घाटनाला जिल्ह्याचे एक अधिकारी आले. गटाराला हार घातला, नारळ फोडला. वरच्या टोकाला नानांनी दोन घागरी पाणी ओतायला लावलं आणि त्या पाण्याबरोबर सगळा गाव पाहुण्यांना घेऊन नदीपर्यंत चालत गेला. पाणी नदीत पडल्यावर टाळ्या झाल्या. ते पुढे कुठे जातं, हे पाहायला मात्र कुणी चाललं नाही.

पुढे कोंडबंदरच्या बायका पाणी भरत होत्या. त्यांची विहीर खारी. होळीनंतर नदीची धार बारीक झाली की त्या काठच्या वाळूत हातभर खोल झिरे खणतात. झिऱ्यात पाणी पाझरतं, ते वाटीवाटीने हंड्यात भरायचं. पाऊस येईपर्यंत ते गाव त्याच पाण्यावर जगतं. त्या वर्षी झिऱ्यांना वास यायला लागला आणि पोरं आजारी पडायला लागली.

जनाबाय म्हणजे कोंडबंदरच्या कोळणींचा आवाज. ती मासळीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून पंचायतीच्या ओट्याशी आली.

"नाना, आमच्या झिऱ्यात तुमची आंगोळ येते रोज. निदान साबन तरी चांगला लावा."

"आणि तुमच्या मासळीची आतडी भरतीबरोबर आमच्या घाटावर येतात ती?" नाना म्हणाले. "परवा आमच्या भटजींच्या कमंडलूत बांगड्याचं मुंडकं आलं!"

"ती दर्याची चूक."

"मग ही उताराची."

एवढी बोलणी झाल्यावर पंचायतीने एक समिती नेमली. समितीने ठरवलं की समितीची बैठक घ्यावी.

त्यानंतर आठवड्याभरातच धर्माजीने सूप उचललं.

त्याची पद्धत साधी होती. ओहोटीला तो कोंडबंदरच्या झिऱ्यांपाशी उभा राही आणि आमचं टपाल गोळा करी. भरतीला आमच्या घाटावर उभा राहून त्यांचं. सूर्यावर चालणारा पोस्टमन आता चंद्रावर चालू लागला. कोणता केर कुणाचा, हे त्याला कसं कळे, असं पुष्कळांनी विचारलं. पण तीस वर्षं दारात उभा राहिलेल्या माणसाला काय कळत नाही? कुणाकडे कोणत्या छापाची विडी, कुणाच्या पोत्याला कोणती शिवण, कुठली बाई नारळ सोलताना सोडणाचे तीन भाग करते आणि कुठली चार, हे त्याला पाठ होतं. त्याने वर्गवारीही केली होती. सोडणं, चिंध्या, केळीची सालं हे साधं टपाल. शेणाचा पो म्हणजे बुकपोस्ट, कारण ते उघडंच जातं. आणि एक रजिस्टर. रजिस्टरात काय येई ते मी लिहीत नाही. ते तो सुपात आणत नसे, नुसतं दारात येऊन हळू आवाजात कळवी.

लोक चिडले, यात नवल नाही. आमच्या शेजारणीने त्याच्या तोंडावर दार लावलं, तर त्याने दाराच्या कडीला पुडकं अडकवून त्यावर 'मालक घरी नाहीत' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आला. जनाबायच्या अंगणात सुरमईचं मुंडकं पोचवलं, तेव्हा तिने त्याला पाटी फेकून मारली. त्याने पाटी उचलून परत दिली आणि पाटीचीही सही मागितली.

"मला सही येत न्हाय, मुडद्या!"

"आंगठा चालंल," धर्माजी म्हणाला.

गावांच्या इतिहासात पहिल्यांदाच माडवली आणि कोंडबंदर यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. ती गोष्ट म्हणजे धर्माजीचा बंदोबस्त. दोन्ही गावांची मिळून सभा ठरली. कुणी कुणाच्या ओट्यावर जायचं यावर तंटा नको म्हणून ती दोन गावांच्या मधल्या चिंचेखाली भरली. अध्यक्ष अर्थातच नानासाहेब.

"धर्माजी," नाना म्हणाले, "तू सरकारी माणूस. तुझ्या कोटाकडे पाहून आजवर गप्प बसलो. हा वेडेपणा आज थांबव आणि सगळ्यांची माफी माग."

धर्माजी उभाच होता. त्याने हात जोडले. "मागतो. पन त्याआधी नानासायेब, तुमचं एक रजिस्टर हाय. तीन डाव घरी आलो, घेतलं न्हाय."

"कसलं रजिस्टर?"

धर्माजीने केळीच्या पानाचं पुडकं सोडलं आणि चिमट्याने एक कागदाची पट्टी उचलून धरली. "ह्याच्यावर पत्ता छापलेला हाय. माज्या नोकरीत आसं सोपं टपाल दुसरं न्हाय. वाचू?"

"नको!" नाना इतक्या जोराने ओरडले, की सगळ्यांनी कान टवकारले.

"मुंबईचं इंग्रजी छापं पोस्टानं येतं, त्याचं वेष्टन. माडवलीत यकच येतं. तुमच्या जावयांच्या नावानं, ते रजेवर हितं आल्यापास्नं."

मग हळूहळू प्रकार उलगडला. जावई साहेबी वळणाचे. त्यांना परसाकडे तांब्या घेऊन वाडीत जाणं जमेना, म्हणून नानांनी घरामागे नवा संडास बांधला होता. एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्याचा नळ पंचायतीला न विचारता गटारात सोडला होता, हे ठाऊक नव्हतं. आणि जावयांना तांब्याही नको होता, ते छापं वापरत, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"कागुद?" जनाबायने विचारलं. "कागुद कशाला?"

शेजारच्या बाईने तिच्या कानात सांगितलं. जनाबाय आधी बघतच राहिली, मग मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चिंचेखाली एकही माणूस हसायचा राहिला नाही. मीही हसले. पंचाने हसू नये, पण हसले.

मग जनाबायचं हसू एकदम थांबलं.

"म्हंजी त्येबी आमच्या झिऱ्यात?"

ती उठून नानांसमोर आली.

"माज्या नातवाला आठ दिस जुलाब हाय, नाना. डोळं आत गेल्यात त्याचं. मी त्याला रोज त्या झिऱ्याचं पानी पाजते. उकळून पाजते, पन पाजते तेच ना? दुसरं कुठनं आनू?"

नानासाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसलं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत पहिलं असावं लागे, म्हणून ते याही बाबतीत पहिले बोलले. "गटार वळवलं पाहिजे. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो."

वळवायचं कसं, हे मी सांगितलं. त्यात माझी हुशारी नव्हती. मोरीचं पाणी केळींना पाजावं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला माहीत होतं. ते विसरण्यासाठीच आम्ही सरकारी मदत घेतली होती. नदीच्या अलीकडे एकापुढे एक असे दोन मोठे खड्डे घ्यायचे. तळाला दगड आणि शिंपले, कडेने अळू, कर्दळ, केळी. नानांचा संडास गटारातून काढून त्यांच्या त्यांच्या वाडीत शोषखड्ड्यात. जनाबाय म्हणाली, शिंपले आमचे आणि खणायला मानसं आमची. खाडीत टाकायची आतडी आणि मुंडकीही कोळी टोपल्यांनी वर आणून देतील, ती माडांच्या बुंध्यात पुरावीत. यावर आमच्यातले दोघे-तिघे शहारले, पण ते शहारणं सभेपुरतं होतं. माडांना मासळीचं खत आमच्या आजेसासऱ्यांच्या काळापासून पडत आलेलं आहे, ते फक्त मागच्या दाराने येई. माडाला मासळी चालते आणि त्याचा नारळ देवाला चालतो. मधलं कुणी काढत नाही.

अडलं एकाच ठिकाणी. खड्डे कुणाच्या वाडीत? गावाची सुधारणा सगळ्यांना हवी होती, पण शेजाऱ्याच्या जमिनीत. एकाच्या वाडीत राखणदार देवाचं स्थान निघालं, जे कालपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं. दुसरा म्हणाला, आमच्या पोफळी कोवळ्या आहेत. तिसऱ्याने सांगितलं, "आमच्यात दुसऱ्याचं सांडपाणी घेत नाहीत." जणू काही इतरांत ते हळदीकुंकवाला वाटतात.

"माजी वाडी हाय," धर्माजी म्हणाला.

त्याची वाडी नदीला लागून होती. गटाराचं तोंड तिथून हाकेवर. अकरा माड, थोड्या पोफळी. आयुष्यभराच्या पायपिटीतून केलेली तेवढीच इस्टेट. नाना एवढे गहिवरले की त्यांनी लगेच ठराव लिहायला घेतला, न जाणो विचार बदलला तर.

मी त्याला बाजूला घेतलं. "धर्माजी, नीट विचार करा. सगळ्या गावाचा वास तुमच्या खिडकीत येईल. एक दिवस नाही, कायमचा."

"टपाल कुठंतरी पोचाया पायजे, वयनी," तो म्हणाला. "ज्याला कुनीच आपलं म्हनत न्हाय, ते शेवटाला पोस्टातच ऱ्हातं."

पंधरा दिवस काम चाललं. कोंडबंदरची माणसं खणत होती आणि आमची कसं खणावं ते सांगत होती. तिसऱ्या दिवशी जनाबायने नानांच्या पुतण्याच्या हातात फावडं दिलं, तेव्हा आमचेही खणू लागले. पहिल्या दिवशी चहाच्या चुली दोन होत्या, एक वरच्या गावाची, एक खालच्या. आठवड्याने सरपण संपत आलं आणि चूल एक झाली. कुणी ठराव केला नाही. धर्माजी पहिले चार दिवस "ड्यूटीवर हाय" म्हणत उभाच होता. पाचव्या दिवशी कुणीतरी हात धरून बसवला, तर बसला, पण बटण लावूनच.

त्याच्या अंगणात मी तेव्हा पहिल्यांदा पाय ठेवला. पाणी प्यायला म्हणून आत गेले. दोन खोल्या, झाडून लख्ख. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली, एवढं मला ऐकून माहीत होतं. तीस वर्षं हा माणूस आमच्या दारात येत होता. त्याच्या दारात जायचं मला किंवा कुणालाच कधी काही कारण पडलं नव्हतं.

पुढच्या होळीनंतर झिरे निवळ झाले. जनाबाय नातवाला कडेवर घेऊन हंडा भरून आली आणि तिने नानासाहेबांना सगळ्यांदेखत फुलपात्रभर प्यायला लावलं. नाना डोळे मिटून प्यायले. "गोड आहे," ते म्हणाले.

"लागनारच. आता तुमी साबन लावा न्हायतर नका लावू."

खड्ड्यांच्या देखभालीसाठी पंचायतीने नियम केला होता. दर गुरुवारी दोन्ही गावांतली चार-चार माणसं पाळीने येऊन गटाराच्या तोंडाशी अडकलेला केर काढतील. पण केर येईना. धर्माजीच्या धाकाने माडवलीत मोरीत चिंधी टाकायची कुणाची छाती राहिली नव्हती, आणि केळींनी पाणी पिऊन अशी अंगं धरली की खड्डे जवळजवळ कोरडे. दोन-तीन गुरुवार माणसं आली, पाहून गेली, मग येईनाशी झाली. काम नीट झालं की तिकडे कुणी फिरकत नाही, हा पंचायतीचा नेहमीचा अनुभव. धर्माजीचं सूपही बंद झालं. पोचवायला काही राहिलंच नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर त्याचे निरोप येऊ लागले. "तुंबलंय, मानसं पाठवा."

माणसं कुरकुरत जात. केर पाच मिनिटांत निघे, पण तासभर तरी कुणी परतत नसे. अंगण शेणाने सारवलेलं, चटया घातलेल्या, गुळाचा काळा चहा तयार. कोळी होडीच्या गोष्टी सांगत, आमचे पोफळीच्या भावाच्या. मला कळेना ते एवढंच, की गावात कुणी मोरीत काही टाकत नाही, मग दर आठवड्याला तुंबतं कशाने? पंच म्हणून पाहणं माझं काम होतं. एका गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी तासभर गेले.

धर्माजी आत चुलीपाशी होता. मी सरळ गटाराच्या तोंडाशी गेले, पदर खोचला आणि हात घातला. चार सोडणं निघाली. एकावर एक रचून, काथ्याने उभी-आडवी पार्सलासारखी बांधलेली, गाठ आत दडवलेली. तुंबलेलं पाणी त्याच्याच अंगणाच्या चराने त्याच्याच माडांकडे वळत होतं. नदीकडे एक थेंब नाही. तेवढा उतार त्याने काढून ठेवला होता.

सार्वजनिक गटार अडवणं हा गुन्हा आहे. आमच्या नियमांत तो मीच लिहिला होता. मी ते पुडकं हातात धरून उभी राहिले. दारातून धर्माजीची पाठ दिसत होती. मांडणीवर आता नऊ कप होते. एकेक कप तो उजेडाकडे धरून पुसत होता, पुन्हा पाहत होता, पुन्हा पुसत होता. कोट काढून खुंटीला लावलेला होता.

मी पुडकं परत आत ठेवलं. नीट बसेना, म्हणून पायाने दाबलं.

"धर्माजी," मी मोठ्याने म्हटलं, "फारच तुंबलंय हो!"

तो फडकं हातात घेऊन बाहेर आला. त्याने माझ्या ओल्या हाताकडे पाहिलं, मग घोट्यापर्यंत चिखलाने भरलेल्या पायाकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "आज जरा जास्तीच हाय."

थोड्या वेळाने जनाबाय आणि तिच्या मागे बाकीची माणसं आली. "आगं वयनी, परत तुंबलं? आता किती दिस यायचं आमी?"

धर्माजी चहा ओतत होता. त्याचा हात थांबला.

"दर गुरुवारी," मी म्हटलं. "मी ठराव मांडते. आणि तू बस आधी, चहा निवतोय."